प्रेशर मारलं होतं का?

प्लंबर लबाडच असतात, असं मी कधी उघड म्हटलं नाही. शाळेत शिकवण्यात आयुष्य गेलं, असली वाक्यं तोंडातून काढताना जपण्याची सवय झाली होती. पण वागत तशीच होते. काम सुरू असताना बाथरूमच्या दारात खुर्ची टाकून बसायचं, सामानाच्या बिलाची दुकानात फोन करून खात्री करायची, आणि शेवटचे पैसे काहीतरी खोट काढून अडकवून ठेवायचे. याला मी लक्ष ठेवणं म्हणत असे. त्यातून माणूस परप्रांतातला असला की माझ्या आवाजाला एक धार यायची. ती मला ऐकू येत नव्हती असं म्हटलं असतं तर बरं दिसलं असतं. पण येत होती.

खोपटच्या एसटी स्टँडच्या मागे आमची जुनी चार मजली इमारत आहे. रिडेव्हलपमेंटची चर्चा इतकी वर्षं चालली आहे की तिच्या नादात कुणी घराला हात लावत नाही. आम्ही लावला, कारण नाइलाज झाला. भिंतीतले जुने जीआयचे पाइप गंजून आतून अरुंद झाले होते, सकाळी नळाला लालसर पाणी यायचं. सगळं उखडून सीपीव्हीसीची लाइन टाकली, नवा डायव्हर्टर, नवी नहाणी, नव्या टाइल्स. प्लंबर ओडिशाचा होता. पंचविशीचा, कमी बोलणारा.

काही महिन्यांनी खालच्या वहिनी वर आल्या. त्यांच्या बाथरूमच्या छताला ओल धरली होती, पोपडे सुटले होते. सेक्रेटरींनी उपविधी काढून दाखवले: पावसाची आणि सामाईक पाइपलाइनची गळती सोसायटीने बघायची, घरातल्या लाइनची ज्याची त्याने. म्हणजे खर्च माझा. मी त्या मुलाला फोनवर वाट्टेल ते बोलले. त्याचे चार हजार अजून माझ्याकडे होते, ते देणार नाही म्हणाले. तो येऊन बघतो म्हणत होता, मी येऊ दिलं नाही. वर सोसायटीच्या ग्रुपवर त्याचं नाव आणि नंबर टाकून लिहिलं, याला कुणी कामाला लावू नका. तिसऱ्या मजल्यावरचं काम त्याला मिळणार होतं, ते गेलं. तेव्हा मला त्याचं समाधान वाटलं होतं.

ग्राहक आयोगात जायचंही मनात होतं. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला तिथे शुल्क लागत नाही, दोन वर्षांची मुदत असते, आणि पैसे देऊन करून घेतलेलं प्लंबिंग ही सेवाच आहे. पण त्याला दिलेल्या पैशांची माझ्याकडे पावती नव्हती. कारण मीच मागितली नव्हती. कागद नाही म्हटलं की दर कमी होतो, हे गणित मला चांगलं येत होतं.

मग ओळखीतून दुसरा प्लंबर बोलावला. मुरबाडकडचा, आपला माणूस. तो पिशवी खाली ठेवतो न ठेवतो तोच मी कहाणी सुरू केली आणि शेवटी म्हणाले, "ओडिशाचा होता हो, दुसरं काय होणार!" मला वाटलं, तो मान हलवेल.

तो म्हणाला, "काकू, प्रेशर मारलं होतं का?"

हा प्रश्न मी आधी ऐकला होता. लाइन टाकून झाली त्या संध्याकाळी तो ओडिशाचा मुलगा म्हणाला होता की दीवार खुली रहने दो, कल पंप लाके प्रेशर मारेगा. आणि मी म्हणाले होते, कशाला? टाइलवाला उद्याच मोकळा आहे. नळ उघडून बघ, पाणी येतंय ना, झालं. मनात होतं, हा आणखी एका दिवसाची हजेरी लावतोय. त्याने दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा नाही सांगितलं.

मुरबाडच्या प्लंबरला मी एवढंच म्हणाले, "नाही मारलं." का नाही, ते त्या वेळी सांगितलं नाही.

त्याने पिशवीतून हातपंप काढला, त्याला घड्याळासारखा गेज. आधी थंड लाइन बंद करून तिला पंप जोडला आणि काटा सात किलोवर नेला. मला समजावत होता: दहा मीटर उंचीवरून पाणी आलं की साधारण एक किलो दाब होतो. तुमची टाकी गच्चीवर, तुम्ही दुसऱ्या मजल्यावर, म्हणजे नळाला एक किलोसुद्धा धड नाही. एवढ्या दाबाला कच्चा जोड लगेच दगा देत नाही, थेंब थेंब पाझरतो आणि महिन्यांनी खालच्याच्या छतात दिसतो. म्हणून कितीतरी जास्त दाब देऊन तासभर बघायचं, तेही प्लास्टरच्या आधी. नळ उघडून काही कळत नाही.

आम्ही चहा घेतला. काटा हलला नाही.

तो तासभर मला फार जड गेला, हे कबूल करते. काटा खाली यावा असं वाटत होतं. सगळीकडे गळती निघावी, म्हणजे माझं म्हणणं खरं ठरेल. काटा ढिम्म. मग त्याने गरम लाइनला पंप लावला आणि काटा हळूहळू उतरू लागला. डायव्हर्टरच्या मागच्या टाइल्स फोडल्या. एका एल्बोमध्ये पाइप पूर्ण आत बसलाच नव्हता. सोल्युशन लावून अर्धवट ढकललेला. चूक त्या मुलाचीच, त्यात वाद नाही.

"बाकी काम चांगलं आहे," प्लंबर पाइपांवर हात फिरवत म्हणाला. "क्लॅम्प बघा कसे सरळ मारलेत. एक जोड राहतो कधी कधी, माझाही राहतो. म्हणून तर पंप आणतो." आणि जरा थांबून, माझ्याकडे न बघता: "माझा उस्ताद पट्टामुंडईचा होता. मी सगळं त्याच्याकडेच शिकलो."

पट्टामुंडई हे गाव ओडिशातल्या केंद्रापडा जिल्ह्यात आहे, हे मला नंतर कळलं. त्या भागातून पिढ्यानपिढ्या प्लंबर देशभर जातात. सांगतात की इंग्रजी अमलात तिथली माणसं कोलकात्याच्या कंपन्यांत हे काम शिकली. फाळणीनंतर कोलकात्यातले बरेच मुसलमान कारागीर पूर्व पाकिस्तानात गेले, त्यांची जागा या लोकांनी भरून काढली. पट्टामुंडईत सरकारची प्लंबिंगची संस्था आहे. ज्या भागाच्या नावाने मी नाक मुरडलं, तिथे हे घराण्यासारखं शिकवलं जातं. मी मात्र त्या मुलाला गाव कुठलं एवढंही विचारलं नव्हतं.

पण खरी बोच दुसरीकडेच होती. सगळी नोकरी मी गणित शिकवलं. उत्तर आलं तरी ताळा करा, ताळा न करता वही मिटणाऱ्याचे मार्क कापीन, हे माझं पाठ झालेलं वाक्य. तो मुलगा ताळा करायला परवानगी मागत होता आणि मी त्याच्या हातातून वही ओढून घेतली. दारात खुर्ची टाकून मी त्याच्यावर नजर ठेवली, पण पाइपाकडे बघण्याची एकच रीत होती ती नाकारली. संशय घ्यायला मला वेळ होता, तपासायला नव्हता.

मुरबाडचा प्लंबर निघताना प्रेशर का मारलं नव्हतं ते मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, घोडबंदरच्या टॉवरवर इंजिनिअर सही करत नाही तोवर टाइलवाल्याला आत सोडत नाहीत. घरच्या कामात घरवालेच घाई करतात, आणि आम्हालाही पुढचं काम असतं. जास्त कोण भांडणार?

ग्रुपवर मी पुन्हा लिहिलं, नाव-नंबरासकट, की टेस्टिंग मीच करू दिलं नव्हतं. दोन अंगठे आले. तिसऱ्या मजल्यावरचं काम तोवर दुसऱ्याने केलं होतं, ते काही परत आलं नाही. त्या ओडिशाच्या मुलाला फोन केला. त्याने आधी उचलला नाही, साहजिक आहे. मग उचलला. मी माफी मागायच्या तयारीत होते, आणि तो विचारत होता, कौनसा जॉइंट? गरमवाला? डायव्हर्टर के पीछे? थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, हाँ, वो मेरा है. चार हजारांतून दुरुस्तीचा खर्च कापून घ्या म्हणाला. मी अर्धा कापला. सगळे द्यायला हवे होते असं माझा मुलगा म्हणतो. मला तसं वाटत नाही.

नहाणीवरून मात्र त्या ओडिशाच्या मुलाचं आणि माझं अजून जमलेलं नाही. कोपऱ्यात पाणी साचतं. तो म्हणतो, उतार फरशीवाल्याने द्यायचा असतो, मीटरला निदान सव्वा सेंटीमीटर. मी म्हणते, जाळीचं तोंडच वर बसवलंय आणि ते त्याने बसवलं. येत्या रविवारी त्याला आणि फरशीवाल्याला, दोघांनाही बोलावलंय, लेव्हल-बॉटल घेऊन.