मागच्या रांगेतली पोरं

श्रावण संपत आला की फर्दापुरात मातीला भाव येतो. गोठ्यात बैलजोडी असो नसो, पोळ्याच्या पूजेला मातीचे बैल लागतातच. ज्यांचा गोठा रिकामा झाला आणि दाराशी ट्रॅक्टर उभा राहिला, त्यांना तर ते जास्तच लागतात. अमावास्येच्या आदल्या संध्याकाळी खऱ्या बैलांची खांदेमळणी होते. वर्षभर जू वाहिलेले खांदे हळद-तुपाने चोळले जातात आणि उद्याच्या जेवणाचं आवतण रीतसर बैलांच्या कानात सांगितलं जातं. त्याच वेळी ओसरीवर आजीला गराडा घालून पोरं चिखलात हात घालून बसलेली असतात.

काम दिसतं तेवढं सोपं नाही. आधी खडे वेचायचे, मग पाणी शिंपडत माती तिंबायची. वाळताना भेगा पडू नयेत म्हणून तीत थोडा पिंजलेला कापूस मिसळायचा; या भागात तो दाराशीच असतो. लांबट गोळा घेऊन चिमटीने खाली चार पाय ओढायचे, अंगठ्याने मानेमागे वशिंड वर काढायचं. शिंगं वेगळी वळायची आणि ओल्या बोटाने डोक्यावर चिकटवायची. ती हमखास पडतात. मग कोणीतरी शेतातून आणलेली काडी मोडून आत खुपसतं आणि शिंगं उभी राहतात. डोळ्यांच्या जागी ज्वारीचे दाणे दाबले की बैल बघायला लागतो. पाच वर्षांच्या कारागिराचा बैल बहुधा वशिंडाच्या उत्साहात उंटाकडे झुकलेला असतो. आजी वशिंडाला हात लावत नाही. ती फक्त पाय जाड करायला लावते, कारण ओल्या अंगाच्या भाराने बारीक पाय रात्रीतून बसतात आणि सकाळी पूजेच्या पाटावर बैलाऐवजी घोरपड निघते.

हे गाव सोयगाव तालुक्यातलं. छत्रपती संभाजीनगरहून जळगावकडे निघालं की शंभरेक किलोमीटरवर, अजिंठ्याचा घाट उतरल्या उतरल्या लागतं. जिल्हा मराठवाड्याचा, पण घाटाखालचं पाणी गोदावरीचं नाही. लेण्यांच्या घळीतून निघालेली वाघूर उत्तरेला तापीकडे जाते, आणि तिच्या मागोमाग गावाचं ताटही खानदेशाकडे वळतं: भरीत, शेवभाजी, कळण्याची भाकरी. जुनी सराई आहे, औरंगजेबाच्या काळातली सांगतात. म्हणजे वाटसरूंनी येऊन पुढे निघून जायचं, ही या गावाची फार जुनी सवय.

आताच्या वाटसरूला फर्दापूर ठाऊक असतं ते टी पॉइंट म्हणून. गाडी तिथे लावायची, दुकानांच्या रांगेतून पुढे जायचं आणि लेण्यांकडे नेणाऱ्या बसमध्ये बसायचं. चार किलोमीटरचा रस्ता. सोमवारी लेणी बंद, त्यामुळे इथल्या बऱ्याच घरांचा रविवार सोमवारी येतो. बापाला सुट्टी तेव्हा पोरांना शाळा, पोरांना सुट्टी तेव्हा बाप पर्यटकांमागे. पर्यटनावर जगणाऱ्या गावाची ही अडचण माहितीपत्रकात कधी छापून येत नाही.

लेण्यांत शिरलेली मंडळी पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीपुढे थबकतात. थबकावंच. पण त्याच लेण्यात एका खांबाच्या माथ्यावर चार हरणं कोरली आहेत आणि चौघांत मिळून डोकं एकच आहे. कुठल्याही हरणाकडे बघा, डोकं त्याचंच वाटतं. लहान पोराला खांद्यावर घेऊन हे दाखवलं की बोधिसत्त्वाचा विषय तिथेच संपतो. ते चारही बाजूंनी बोट फिरवत मोजत बसतं, आणि वाटाड्या ‘चला, पुढे चला’ करत राहतो.

पुढच्या, दुसऱ्या लेण्यात याहून मोठी गंमत आहे आणि तिच्यापाशी गर्दी सहसा नसते. मागच्या भिंतीत मुख्य गाभाऱ्याच्या शेजारच्या छोट्या गाभाऱ्यात हारिती आणि पांचिक हे यक्ष जोडपं बसलं आहे. हारितीची कथा बौद्ध परंपरेत प्रसिद्ध आहे. स्वतःची पाचशे पोरं असूनही ती राजगृहातल्या लोकांची पोरं पळवून खायची. बुद्धाने तिचं धाकटं लेकरू भिक्षापात्राखाली लपवलं. पाचशेतलं एक हरवलं तर हिचा एवढा आकांत, मग ज्याला एक-दोनच आहेत त्याचं काय, असं त्याने विचारल्यावर ती वळली आणि लेकरांची राखण करू लागली. मूर्तीत तिच्याजवळ मूल आहे, अंगावर दागिने आहेत. पण खरं बघायचं ते खाली, बैठकीच्या पट्टीवर. तिथे शाळा भरली आहे. गुरुजींच्या हातात छडी आहे. पुढच्या रांगेतली पोरं अभ्यासात आहेत आणि मागची पोरं खुशाल खेळतायत.

पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, वाकाटकांच्या काळात कोणा अनाम पाथरवटाने हे कोरलं. धर्मग्रंथात मागच्या बाकावरच्या पोरांची आज्ञा त्याला नक्कीच मिळालेली नव्हती. त्याने एक तर शाळा पाहिली होती किंवा तो स्वतःच त्या रांगेतला होता. दुसरीच शक्यता जास्त वाटते.

हारितीला आज इथे कोणी पूजत नाही, पण तिचं काम काही बंद पडलेलं नाही. घरात बाळ जन्मलं की पाचव्या रात्री पाचवी पुजतात. पाटा-वरवंटा मांडतात, दिवा रात्रभर तेवत ठेवतात, कारण सटवाई येऊन बाळाच्या कपाळावर त्याचं नशीब लिहून जाते. हारितीची सटवाई झाली असं म्हणायला पुरावा नाही आणि म्हणायची गरजही नाही. लेकराच्या राखणीला एक धाक वाटावी अशी बाई लागते, एवढं दोन्हीकडच्या आयांना पटलेलं दिसतं.

दोन्हीकडे सारखी असलेली आणखी एक गोष्ट म्हणजे माती. मुंबईच्या जे. जे. कला शाळेचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून १८८५ पर्यंत आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करत होते. खडबडीत खडकावर आधी कसला थर दिला असेल, त्याची नोंद त्यांनी केली: चिकणमाती, शेण, कातळाचा भुगा आणि भाताचं तूस. त्यावर चुन्याचा पातळ हात आणि मग रंग. फर्दापूरच्या कोणत्याही म्हातारीला हे वाचून दाखवलं तर ती म्हणेल, यात नवं काय? कापसाची वेचणी उरकल्यावर उरणाऱ्या पऱ्हाट्यांचा कूड उभा करायचा, माती-शेण-भुसा पायाने तुडवायचा आणि दोन्ही अंगांनी लिंपायचा, ही घर बांधायची रीत कालपरवापर्यंत या पट्ट्यात होती आणि गोठ्याला, चुलीच्या आडोशाला अजूनही आहे. तुडवायला पोरंच लागतात. त्यांचे पाय छोटे, वजन कमी, पण थांबायचं नाव नाही. वरचा हात बाईचा. सारवताना तिच्या बोटांच्या कमानी भिंतीवर उमटतात आणि वाळल्यावर तशाच राहतात.

रंगांचंही असंच. काळा काजळीचा, पांढरा चुन्याचा, तांबडा नि पिवळा गेरूच्या जातीचा. निळ्याला मात्र लाजवर्द दगड लागे आणि तो अफगाणिस्तानाकडून येई. हिरवा जवळचा होता. या डोंगरांचा काळा खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, पोकळ्या राहिल्या, पुढे त्यांत पाण्याबरोबर खनिजं येऊन बसली. हिरवी मातीही तिथलीच. टी पॉइंटच्या दुकानांत जे चकाकणारे दगड मांडलेले असतात, जांभळे अ‍ॅमेथिस्ट, पाणीदार अपोफिलाइट, पंख्यासारखे उमललेले स्टिल्बाइट, तेही याच पोकळ्यांतले, खाणीत आणि विहिरी खोदताना निघालेले. बाहेरून पाहाल तर वाटेवरचा धोंडा, दोन भाग केले की आत स्फटिकांची गर्दी. विक्रेते ते दोन भाग बंद करून हातात ठेवतात आणि गिऱ्हाइकासमोर अचानक उघडतात. दगड विकायची ही तऱ्हा शिकवावी लागत नाही, दुकानात बसणारी पोरं ती बघूनच उचलतात. जपानी पाहुण्याला जपानीत नमस्कार करणारं, आकडे इंग्रजीत सांगणारं आणि शेजारच्या पोराशी खानदेशी वळणाच्या मराठीत भांडणारं पोर इथे नवलाचं नाही. पाढे मात्र त्याला शाळेतच म्हणावे लागतात आणि तिथे ते कोणत्या रांगेत बसतं हे विचारू नये.

या वाटेने येणाऱ्यांत काही माणसं मुक्कामालाही राहिली. १९०९च्या हिवाळ्यात लेडी ख्रिस्तियाना हेरिंगहॅम नावाच्या इंग्रज चित्रकर्तीने अजिंठ्याच्या नकला काढण्यासाठी फर्दापूरजवळ तळ ठोकला. मुलूख निजामाचा होता. मदतीला कलकत्त्याहून अवनींद्रनाथ ठाकुरांचे शिष्य आले. त्यांत नंदलाल बोस आणि असितकुमार हालदार हे तरुण होते. हैदराबादहून सय्यद अहमद आणि मुहम्मद फझलुद्दीन आले. डोरोथी लार्चर ही इंग्रज तरुणीही या कामात होती. ती पुढे इंग्लंडमध्ये हाताने ठसे उमटवून कापड छापण्याच्या कामात नावारूपाला आली. नकलांचं पुस्तक लंडनमध्ये १९१५ साली निघालं.

नंदलालबाबूंनी लेण्यांत काय पाहिलं हे कलेचे अभ्यासक सांगतातच. तळावरून लेण्यांकडे जाता-येता काय पाहिलं असेल, याचा विचार फारसा होत नाही. १९३८ साली हरिपुरा काँग्रेससाठी गांधीजींनी त्यांना सजावटीचं काम दिलं, तेव्हा त्यांनी हातकागदावर मातीचे रंग घेऊन कुंभार, शिंपी, ढोलकीवाला, बैल आवरणारा गडी, मांडीवर लेकरू घेतलेली आई अशी चित्रं रंगवली. अजिंठ्याची रेषा त्यांत सरळ दिसते, फक्त राजवाडा गेला आणि खेडं आलं. तो हरिपुरा गुजरातेत, तापीकाठी. वाघूरचं पाणीही शेवटी तिथूनच समुद्राला जातं. एवढा योगायोग पदरात पाडून घ्यायला हरकत नसावी.

माती पुरुषांच्या आणि पोरांच्याही हाती असते, चिंधीचं राज्य मात्र पूर्णपणे बायांचं. बाळाची पहिली गोधडी जुन्या सुती लुगड्याचीच करायची, धुऊन धुऊन मऊ झालेल्या. नवं कापड बाळाला टोचतं असं सांगतात आणि ते खरंही आहे. दुपारी जमिनीवर लुगडं अंथरून दोघी-तिघी कडेकडेने टाके घालत आत सरकतात, रांगतं मूल मधोमध बसून दोरा तोंडात घालतं. परिसरातल्या बंजारा तांड्यांवर हेच सुईचं काम आरसे, कवड्या आणि रंगीत दोरे घेऊन फेटिया-कांचळीवर, म्हणजे घागरा-चोळीवर चढतं. मुलगी आधी कवड्या ओवते, मग साधा टाका शिकते, आरसा बसवणं शेवटी. श्रावणात तांड्यावरच्या अविवाहित मुली टोपल्यांत गहू पेरून तीज उगवतात आणि रोज पाणी घालून गाणी म्हणतात. दिवाळीच्या आगेमागे मराठवाड्यातल्या कितीतरी तांड्यांची घरं ऊसतोडीला निघतात आणि तेव्हा शाळेचा पट एकदम उतरतो. आजी-आजोबा मागे राहिले तर नातवंडं शाळेत टिकतात, नाहीतर तीही ऊसतोडीच्या कोपीवर, म्हणजे फडाशेजारच्या झोपडीत जातात. भरतकामाचं कौतुक प्रदर्शनात करणाऱ्यांनी हा उतरलेला पटही एकदा पाहावा. सुई शिकायला घरात आई असावी लागते.

पोळा गेला, गणपती गेले की भाद्रपदी पौर्णिमेला मुलींची पाळी येते. खानदेशाच्या बाजूला गुलाबाई बसते. मातीची गुलाबाई, शेजारी गुलोजी, पुढे कोजागिरीपर्यंत महिनाभर गल्लीतल्या मुली घरोघरी जाऊन टिपऱ्यांवर गाणी म्हणतात. गाण्यांत सासर असतं, माहेर असतं आणि आठ वर्षांच्या मुली सासूच्या तक्रारी अगदी अनुभवी चेहऱ्याने मांडतात. भावांना यात प्रवेश नसतो. ते दाराशी घुटमळतात, कारण शेवटी खिरापत असते.

आणि खिरापत ओळखावी लागते. घरची बाई झाकलेला डबा घेऊन येते आणि वाजवते. कोरडा खणखणीत आवाज आला तर फुटाणे, जड आला तर शेंगदाणे, आवाजच नसला तर शिरा किंवा केळं. तिखट की गोड, असं विचारायची मुभा असते. चतुर बाया शेंगदाण्यांत मुरमुरे मिसळतात, डब्याला आतून फडकं लावतात. मुली नावं घेत सुटतात, चिवडा, लाडू, वड्या, गुळपोळी, आणि दाराशी उभं असलेलं एखादं पोर दुपारीच स्वयंपाकघरात डोकावलेलं असतं. ते उत्तर फोडायला तयार असतं. त्याबद्दल मुठी किती मिळतील, एवढंच ठरायचं बाकी असतं.