कुठून कुठपर्यंत

वर्धा नदीचा पूल ओलांडला की यवतमाळ जिल्हा सुरू होतो. नागपूरहून हैदराबादकडे जाणारा ४४ क्रमांकाचा महामार्ग हिंगणघाट मागं टाकून इथं नदी पार करतो आणि वडकी, करंजी, पांढरकवडा करत पाटणबोरीच्या पुढं तेलंगणात शिरतो. जानेवारी लागला होता. रस्त्याच्या दोन्ही अंगांना पऱ्हाटी उभी, एक-दोन वेचण्या झालेल्या, बोंडांत उरलासुरला कापूस. जिनिंगकडे निघालेल्या ट्रॅक्टरमधून उडालेला कापूस रस्त्याकडेच्या बाभळींना अडकून राहिला होता.

शेजारी मामा बसले होते. त्यांची हयात एसटीत तिकिटं फाडण्यात गेली. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण पैसे आणि पावती यांची ताटातूट त्यांना अजून सहन होत नाही. टोलनाक्यावर फास्टॅग वाचला गेला, दांडी वर झाली आणि मी गाडी पुढं काढली, तर म्हणाले, "पैसे घेतले अन् तिकीट नाही फाडलं. आमच्या वेळी यापायी माणूस सस्पेंड होत होता." मग त्यांनी माझ्या फोनवरची टिपेश्वरच्या सफारीची पावती मागून घेतली आणि चष्मा कपाळावर चढवून ती शेवटपर्यंत वाचली. तारीख, सकाळची फेरी, गेटाचं नाव, दोघांची ओळखपत्रं, प्रवेशाची रक्कम. जिप्सीचं भाडं आणि गाईडचं मानधन गेटवर वेगळं द्यायचं. सगळी बेरीज करून ते काही हजारांवर पोचले आणि गप्प झाले. करंजीच्या आसपास पुन्हा वाचा फुटली: "एसटीत तुले बाई म्हणून हाफ, मले म्हातारा म्हणून हाफ. इथं दोघाईले फुल्ल काऊन?"

मी म्हटलं, तो दर माणशी नसतो, गाडीमागे असतो. जिप्सीत सहाजण बसा नाहीतर दोघं, गाडी तेवढीच. ताडोब्यात तर शनिवार-रविवारचा दर वेगळा आणि मधल्या दिवसांचा वेगळा. मोठ्या लेन्सच्या कॅमेऱ्याचे पैसे वेगळे. मामांना हे सारं एकवेळ पटलं. त्यांची अडचण निराळी होती. "जिप्सीचे पैसे जिप्सीवाल्याले, गाईडचे गाईडले. हे प्रवेशाचे कुठून कुठपर्यंत जातात ते यावर नाही. तिकिटावर स्टेज पाहिजे ना!"

या प्रश्नाला माझ्याकडं अर्धंच उत्तर होतं. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं २७वं कलम अभयारण्यात कोणी पाऊल टाकायचं ते ठरवतं: कामावरचा सरकारी नोकर, आत जमिनीचा हक्क असलेला माणूस, राहायची परवानगी असलेला माणूस, आणि सार्वजनिक रस्त्यानं नुसता आरपार जाणारा. बाकी सगळ्यांना २८व्या कलमाखाली परवाना काढावा लागतो. अभ्यास, संशोधन, छायाचित्रण, पर्यटन, किंवा आत राहणाऱ्या कुणाशी रीतसर काम, अशी कारणं तिथं दिली आहेत आणि ठरवून दिलेलं शुल्क भरायला सांगितलं आहे. म्हणजे आपण पैसे मोजतो ते आत शिरण्याच्या परवानगीचे. वाघ दाखवण्याची हमी कायद्यात कुठंही नाही. हे एवढं साधं वाक्य मोठ्या अक्षरांत गेटांवर लावलं, तर आतली निम्मी कुरकुर मिटेल.

मात्र जमा झालेल्या पैशाचं पुढं काय, हे त्या कलमात नाही. व्याघ्र प्रकल्पांसाठी २००६च्या दुरुस्तीनं प्रतिष्ठानं आली, पर्यटनातून येणारा पैसा त्याच प्रकल्पात आणि त्याच्या भोवतीच्या गावांत वळावा म्हणून. टिपेश्वर मात्र अभयारण्य आहे, व्याघ्र प्रकल्प नव्हे. १९९७ साली ते जाहीर झालं, क्षेत्र १४८.६३ चौरस किलोमीटर. टिपाई देवीवरून नाव पडलं. टिपेश्वर आणि मारेगाव ही आतली दोन गावं पुढं उठवून बाहेर वसवली गेली.

वडकी मागं पडली तेव्हा उजव्या हाताला राळेगावकडचा मुलूख दिसला होता. तिथं आम्ही दोघंही काही बोललो नव्हतो. टी-वन वाघीण, जिला पुढं सगळे अवनी म्हणू लागले, ती २ नोव्हेंबर २०१८च्या रात्री त्याच भागात बोराटीच्या रानात मारली गेली. तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका तिच्यावर होता. शहरांत तिच्यासाठी मेणबत्त्या लागल्या, आणि इथल्या काही गावांत ती मेल्याचं कळल्यावर लोक मोकळेपणी वावरात गेले. दोन्ही खरं होतं. अवनीचं रान अभयारण्याबाहेरचं. तिथं ना गेट होतं, ना पावती.

पांढरकवड्यात खोली घेतली आणि ऊन उतरायच्या आत अभयारण्याच्या कडेच्या गावांकडे एक चक्कर टाकली. या बाजूला कोलामांचे पोड आहेत, गोंडांची वस्ती आहे, आणि वावरं थेट जंगलाच्या तारेला भिडलेली. एका धुऱ्यावर झटका मशीनचा डबा होता, वर छोटं सौर पॅनल, आणि त्यातून थांबून थांबून टक्-टक् असा आवाज. वावराचा मालक साठीतला असावा. मामांनी ओळख काढायची म्हणून विचारलं, "यंदा कसं काय पीक?"

"पीक बरं होतं. ठेवलं कुठं त्याइनं!"

"कोणं? वाघानं?"

"वाघ कापूस खाते का बाबूजी?" तो हसला. "रोही अन् डुकरं. रोही रातच्याले येते, दहा-बाराचा कळप. तुरीचे शेंडे खुडते, पऱ्हाटी आडवी करते. वाघ इकडून फिरला त चार दिवस रोही दिसत नाही, तेवढंच बरं वाटते. पण मग बाया येत नाहीत."

रोही म्हणजे नीलगाय, आणि बाया म्हणजे कापूस वेचायला येणाऱ्या मजूर बायका. माझ्या डोक्यात वाघाचं नुकसान म्हणजे मेलेली गाय किंवा मेलेला माणूस, एवढंच होतं. त्यानं वेगळंच गणित मांडलं. कापूस वेचायचा तो सकाळी, दव सुकता सुकता, आणि मग दिवसभर. वाघाचा माग दिसला की बाया नऊ-दहाच्या आत वावरात उतरत नाहीत आणि चारला पाय काढतात. टोळीत एक माणूस नुसता राखणीला ठेवावा लागतो, त्याची मजुरी वेगळी. वेचाईचा दर किलोवर असतो, त्यामुळे कमी तासांत बायांचीही कमाई घटते आणि त्या महामार्गापलीकडच्या, बिनवाघाच्या वावरांत जातात. इकडं बोंड फुटून कापूस लोंबत राहतो, काडीकचरा चिकटतो, जिनिंगवाला प्रत पाडतो. "गाय मारली त पंचनामा होते, पैसे भेटतात, उशिरा का होईना. माणूस गेला तरी भेटतात. पीक खाल्लं त्याचाबी फार्म आहे. बाया नाही आल्या त्याचा फार्म नाही."

सफारीला कधी गेलात का, असं मी विचारलं. त्यानं तारेपलीकडं बोट केलं. लहानपणी ढोरं घेऊन, मोह वेचायला, सरपणाला तिकडंच जायचो म्हणाला. आता गेटातून जायला जिप्सी करावी लागते. पोडावरच्या एका पोराकडे मान वळवून म्हणाला, "याले विचारा." पोरगा सातवी-आठवीतला. वाघ त्यानं एकदा पाहिला होता, संध्याकाळी, शेळ्या आणताना. जंगलाच्या आत मात्र तो कधी गेला नव्हता.

शुल्क नको असं मला वाटत नाही. शंभर-दीडशे चौरस किलोमीटरांच्या तुकड्यात वाटेल तेवढ्या गाड्या फुकट सोडल्या तर काय होईल, ते सांगायला कुणी तज्ज्ञ लागत नाही. पैसे मोजूनही काय होतं ते ३१ डिसेंबर २०२४ला दिसलं: उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात गोठणगावच्या बाजूला एक वाघीण आणि तिचे बछडे दोन्हीकडून जिप्स्यांत कोंडले गेले, चित्रफीत सगळीकडं फिरली, आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला आपणहून दखल घ्यावी लागली. मोजलेले पैसे वसूल झालेच पाहिजेत असं एकदा मनात बसलं, की परवान्याचा माल होतो. जुन्या काळीही या भागात परवाने विकले जातच होते. शिकारीचे ब्लॉक ठरलेले असत, फी भरायची आणि वाघ मारायचा. स्वातंत्र्यानंतरही मध्य भारतात परदेशी पाहुण्यांसाठी शिकारीच्या सहली काढणाऱ्या कंपन्या होत्या. बंदूक गेली, लेन्स आली, हे चांगलंच झालं. मनातला हिशेब मात्र फारसा बदललेला दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधीच सुन्ना गेटवर पोचलो. थंडी हाडात शिरणारी. मारुतीनं जिप्सी बनवणं २०१९मध्ये थांबवलं, पण जंगलात अजून कुठल्याही उघड्या गाडीला जिप्सीच म्हणतात. गाईड जवळच्याच गावचा तरुण. ओळखपत्रं तपासली गेली, नोंद झाली, गाईडचे आणि गाडीचे पैसे दिले. मामांनी दोन्हींची पावती मागून घेतली आणि शर्टाच्या वरच्या खिशात घडी करून ठेवली.

साग, धावडा, ऐन, मध्येच बांबू. पानगळीला सुरुवात झाली होती, सागाची पानं चाकाखाली पापडासारखी मोडत होती. रोही दिसले, तेच ज्यांनी आदल्या संध्याकाळच्या वावरातली तूर खुडली असावी; इथं ते कुणाचंच काही बिघडवत नव्हते. पाणवठ्यापाशी चितळ ओरडलं, वानरांनी साथ दिली, गाईडनं गाडी बंद करायला लावली. वाघीण दिसली. उजवीकडच्या गवतातून रस्त्यावर आली, आमच्याकडं न बघता थोडं चालून डावीकडं उतरली. मागच्या जिप्सीतल्या एकानं "पुढं घ्या, पुढं घ्या" असा धोशा लावला, आमच्या ड्रायव्हरनं गाडी हलवली नाही. मला तो क्षण वाघिणीपेक्षा जास्त आवडला.

परतताना गाईडनं टिपेश्वरच्या एका नर वाघाची गोष्ट सांगितली. ती मला वाचून माहीत होती, पण या रस्त्यावर ऐकताना वेगळीच वाटली. फेब्रुवारी २०१९मध्ये त्याच्या गळ्यात कॉलर बसवली, त्याच वर्षी जूनमध्ये त्यानं टिपेश्वर सोडलं. तेलंगणातलं आदिलाबाद, मग नांदेड, हिंगोली, वाशिम, अकोला असं करत वर्षाच्या शेवटी तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. गळ्यात कॉलर होती तोवरचं सगळं चालणं ३,००० किलोमीटरांच्या वर भरलं. लोक त्याला वॉकर म्हणू लागले. वाटेत बहुतेक वावरंच होती, कापसाची, तुरीची, सोयाबीनची. "म्हणजे आपण भरले ते पैसे एवढ्या जंगलाचे," मामा हिशेब करत म्हणाले, "अन् वाघ खाते-पिते त्या सात जिल्ह्यांतल्या लोकाइचे पैसे कोण भरते?" गाईडला हे पटलं की नाही कळलं नाही. तो म्हणाला, "सर, माझं घर याच पैशावर चालते. माझ्या गावात दहाजण गाईड आहेत, पहिले सारे सुरतले जात होते." हेही खरंच होतं, आणि मामांनी ते मान्य केलं. कंडक्टरला रोजगाराची किंमत समजावून सांगावी लागत नाही.

तेव्हा मी त्यांना अमेरिकेतल्या बदकाच्या तिकिटाचं सांगितलं. १९३४ साली तिथल्या सरकारनं बदकांच्या शिकाऱ्यांसाठी एक स्टॅम्प काढला, किंमत एक डॉलर. दरवर्षी नवा, त्यावर पक्ष्याचं चित्र. तो परवान्याबरोबर घ्यायचा म्हणजे घ्यायचा. आज त्याची किंमत २५ डॉलर आहे आणि डॉलरमागे ९८ सेंट पाणथळ जागा विकत घेण्यात किंवा राखण्यात जातात, हे सर्वांना ठाऊक असतं. त्यामुळे बंदूक कधी हातात न धरलेले पक्षीनिरीक्षकही तो हौसेनं घेतात. मामांना तो ९८चा आकडा फारच आवडला. दोनदा विचारून घेतला.

गेटवर अभिप्रायाची वही होती. आमच्या आधीच्यांनी लिहिलं होतं: वाघ दिसला, मस्त; वाघ दिसला नाही, निराशा; स्वच्छतागृह सुधारा. मामांनी पेन उघडलं आणि जुन्या सवयीनं अक्षर बारीक ठेवत लिहायला सुरुवात केली. एक, प्रवेश शुल्कातले किती पैसे कुठं खर्च होतात ते पावतीवर छापावं. दोन, कडेच्या पोडांवरच्या शाळांची एक फेरी ठरावीक दिवशी बिनपैशानं आत न्यावी. हे दुसरं मी सुचवलं होतं. ताडोब्यात 'चला माझ्या ताडोबाला' या नावानं भोवतालच्या गावांतल्या मुलांना असं नेतात. तीन, वाघाच्या भीतीनं वेचाईचे जे तास बुडतात ते भरपाईत धरावेत.

टेबलामागचा माणूस उलट्या बाजूनं वाचत होता. म्हणाला, "बाबा, पहिलं अन् दुसरं वर पाठवतो. तिसरं आमच्या हातात नाही. त्याले शासन निर्णय पाहिजे."

"तो कोण काढते?"

"मंत्रालय."

मामांनी तिसऱ्या सूचनेपुढं कंसात 'मंत्रालयाकडे' असं लिहिलं, सही केली, खाली निवृत्त वाहक म्हणून हुद्दा घातला आणि वही मिळाल्याची पोच मागितली.