माळ्यावरचं सामान

कोथरूडमध्ये सध्या एका गल्लीआड एक तरी इमारत पाडायला निघालेली दिसते. जुन्या तीनमजली सोसायट्या रीडेव्हलपमेंटला जातात, बिल्डर भाडं देतो आणि माणसं दोन-तीन वर्षांसाठी दुसरीकडे राहायला जातात. कार्पेट एरियावरून मीटिंगमध्ये हमरीतुमरीवर येणाऱ्या मंडळींची खरी झोप उडते ती घर रिकामं करायची तारीख कळल्यावर. माझ्या मावशीची उडाली.

मावशी बँकेतून निवृत्त झालेली, हिशेबाला चोख. तिच्या घरात पसारा आहे असं म्हटलं की ती चिडायची. "सगळं जागच्या जागी आहे!" खरंच होतं ते, फक्त जागा उरली नव्हती. दिवाणाच्या पोटात गाद्या, दिवाणावर इस्त्रीचे कपडे. डायनिंग टेबलाचा अर्धा भाग औषधांनी आणि वर्तमानपत्रांनी अडवलेला, म्हणून ती आणि काका उरलेल्या अर्ध्यावर शेजारी शेजारी बसून जेवायचे. चैत्रातलं हळदीकुंकू तिने कधीच बंद केलं होतं. कारण सांगायची गुडघ्यांचं. माळा उपसायला मी गेले तेव्हा एकदा म्हणाली, "बेल वाजली की छातीत धस्स होतं गं. कोण आलंय याचं नाही, ते आत येणार का, याचं."

या 'धस्स'चं मोजमाप झालेलं आहे. डार्बी सॅक्सबी आणि रेना रेपेटी या संशोधकांनी लॉस एंजेलिसमधल्या ६० नोकरदार पती-पत्नींना स्वतःच्या घरातून फिरवून घराचं वर्णन करायला लावलं. 'पसारा', 'अर्धवट राहिलंय' अशी भाषा ज्या बायकांच्या बोलण्यात जास्त आली, त्यांच्या शरीरातलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी जोडलेलं संप्रेरक, दिवसभरात जसं उतरायला हवं तसं उतरत नव्हतं. हा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. नवऱ्यांच्या बाबतीत हा संबंध तितका दिसला नाही. अर्ध्या टेबलावर शांतपणे शब्दकोडं सोडवणाऱ्या काकांकडे पाहिलं की हे सहज पटतं.

न्यू जर्सीतल्या मावसभावाने व्हिडिओ कॉलवर निदानच करून टाकलं, "आई, याला होर्डिंग म्हणतात. आजार आहे हा." आजार आहे हे खरं. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत २०१३ साली त्याला स्वतंत्र जागा मिळाली. पण त्यात वस्तू टाकायच्या विचारानेच जिवाची तगमग होते आणि खोल्या वापरण्याजोग्या उरत नाहीत. पसारा किती वाढलाय हे ठरवायला डॉक्टरांकडे एकेका खोलीची नऊ-नऊ छायाचित्रं असतात. मावशीचा हॉल फार तर तिसऱ्यापर्यंत पोचला असता. तिला टाकायचं नव्हतं असं नाही. कुठे टाकायचं, हे कळत नव्हतं.

माळ्यावरून आधी उतरले श्रीखंडाचे डबे, एकात एक बसवलेले. मग एमएसईबीची बिलं. त्या मंडळाचं २००५ साली विभाजन झालं, बिलं मात्र सुतळीने बांधून शाबूत. आहेरात आलेले दोन लेमन सेट, चमकी कागदात, देणाऱ्याच्या नावाच्या चिठ्ठीसकट. आणि गोधडीसाठी घडी घालून ठेवलेली नऊवारी लुगडी, मावशीच्या सासूबाईंची. त्यांना विरलेल्या कापडाचा आणि आंबट धुरकट असा एक वास होता. मावशीने एक लुगडं उजेडात धरलं. आरपार खिडकी दिसली.

माझं मत असं झालं की आपल्या घरांत वस्तू यायच्या वाटा वाढल्या आणि जायच्या वाटा बुजल्या. पूर्वी बोहारीण दारात बसायची. चार साड्या आणि एका पॅन्टच्या बदल्यात स्टीलचं पातेलं, वर घासाघीस. ती पॅन्ट टाकली असं कुणाला वाटायचंच नाही. फाटकं लुगडं गोधडीत जायचं, गोधडी बाळंतिणीकडे. आता गोधडी शिवायला बाई मिळत नाही, आणि सोसायटीचा वॉचमन बोहारणीला फाटकातूनच परत पाठवतो.

घर आवरायची मेरी कोंडोची पद्धतही करून पाहिली. वस्तू हातात घ्यायची, आनंद होतो का विचारायचं. मावशी पोळीचा डबा हातात धरून म्हणाली, "आनंद कसला व्हायचा? पोळ्या राहतात यात." तिसऱ्या मुलानंतर आपलंही घर पूर्वीसारखं आवरलेलं नसतं, असं कोंडोबाईंनी २०२३ साली सांगितलं होतं, हे कळल्यावर तिला त्या जरा आवडायला लागल्या.

काम पुढे सरकलं ते प्रश्न बदलल्यावर. 'ठेवायचं का?' याला मावशीचं उत्तर कायम 'असू दे' असायचं. 'कुणाला द्यायचं?' म्हटलं की तिच्यातली बँकवाली जागी व्हायची. गाद्या, चपला आणि बंद पडलेला मिक्सर 'स्वच्छ'कडे गेला. पुण्यातली ही कचरावेचकांच्याच मालकीची सहकारी संस्था, २००८ पासूनची. जुनं सामान गोळा करायच्या मोहिमा ती राबवते. कामाला येणाऱ्या ताईंनी साड्यांच्या गठ्ठ्यातून तीन निवडल्या आणि बाकीच्या "आता कोण नेसतं हो असलं" म्हणून सरळ परत केल्या. लेमन सेट कुणीच घेईना.

भांड्यांवरून भंगारवाल्याशी जुंपली. काहनेमन, नेच आणि थेलर या संशोधकांनी १९९० साली विद्यार्थ्यांना कॉफीचे मग वाटून पाहिलं होतं: ज्याला मग मिळाला तो विकताना जी किंमत सांगे, ती न मिळालेल्याने देऊ केलेल्या किमतीच्या दुपटीहून जास्त भरली. मावशी पितळेच्या घंगाळाचा भाव तिपटीने सांगत होती. तो वजनकाटा काढून उभा, ही म्हणे, "वजनावर काय विचारता, यात माझ्या मुलाला अंघोळ घातलीय." घंगाळ भाड्याच्या घरी आलं. त्यात आता कांदे-बटाटे असतात.

डायनिंग टेबल मात्र पूर्ण मोकळं आहे आणि काका-मावशी समोरासमोर बसून जेवतात. काकांची तक्रार आहे की त्यामुळे बोलावं लागतं.

नव्या इमारतीचा नकाशा परवा सोसायटीच्या मीटिंगमध्ये मांडला. जिम आहे, क्लब हाऊस आहे, माळा नाही. मावशीने उठून बिल्डरला विचारलं, की दिवाळीचे दिवे, आकाशकंदील आणि गौरींचे मुखवटे आम्ही जिममध्ये ठेवायचे का? बायकांनी टेबलं वाजवली. माळ्याचा ठराव पुढच्या मीटिंगच्या विषयपत्रिकेवर घेतला आहे.