खरकट्याचे धनी

मोरी हा काही दिवाळी अंकात लिहिण्याचा विषय नव्हे, असे आमच्या सौभाग्यवतींचे मत आहे. फराळाच्या ताटाशेजारी कोणी खरकट्याच्या गोष्टी काढतो का? पण ज्या घरात पाने वाढली जातात, तिथे मोरी केव्हा ना केव्हा तुंबायचीच. आणि तिच्यात हात कोणी घालायचा, या एका प्रश्नावरून त्या घराची पारख होते.

गेल्या उन्हाळ्यात न्यू जर्सीला ताईकडे गेलो होतो. तिथे सिंकच्या पोटाखाली खरकटे दळणारे एक यंत्र असते. रसीन गावच्या जॉन हॅम्स नावाच्या वास्तुशिल्पज्ञाने ते १९२७ साली घडवले. आत सुऱ्या नसतात. एक तबकडी गरगर फिरते, उष्टे भोवतालच्या दातेरी कड्यावर भिरकावते आणि ते तिथे किसून निघते. आपल्या जात्याचेच चुलतभावंड म्हणा ना!

ताईचे यंत्र बुडातून गळू लागले. बुडातून गळले म्हणजे आतले सील गेले. मग नवेच बसवायचे. तिकडे प्लंबरची मजुरी यंत्राच्या किमतीला जाऊन भिडते. म्हणून साठी उलटलेले आमचे दाजी ओट्याखालच्या कपाटात डोके घालून उताणे झाले. साताऱ्यात असताना ज्यांनी जेवल्यावर स्वतःचे ताट कधी उचलले नाही, ते दाजी!

“मास्तर, आधी विजेचा मुख्य खटका पाडून या. अन् बॅटरी नीट धरा.”

खालचा वाकडा पाइप सोडवला, कड्याला पिळा दिला, तसे पाच-सहा किलोंचे ते धूड माझ्या हातांत आले आणि आंबूस पाणी मनगटांवरून ओघळले. दाजींनी रंगाला रंग जुळवून वायरी जोडल्या, हिरवी तिच्या स्क्रूखाली आवळली आणि नवे यंत्र कड्यात अडकवले. सिंक काठोकाठ भरून पाणी सोडून पाहिले. थेंब गळला नाही. “झालं!” म्हणत दाजी साबणाने हात धुऊ लागले. घरात कोणालाच त्यात विशेष वाटले नाही.

मला मात्र आमच्या वाड्याचे परसदार आठवले. गटार तुंबले की एक म्हातारबा यायचे आणि उघड्या हातांनी आमची घाण उपसायचे. त्यांचे पैसे पायरीवर ठेवले जात, पाणी वरून ओतले जाई. खरकटे आमचे आणि विटाळ त्यांचा!

सफाईचे काम आपल्याला मिळावे म्हणून आप्पासाहेब पटवर्धनांनी १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात अन्नत्यागाचा मार्ग धरला. सुरक्षा-साधनांवाचून माणसाला गटारात उतरवण्यास बंदी करणारा कायदा २०१३ साली झाला. तरीही माणसे गटारात गुदमरून मरतच आहेत.

ते यंत्र आपल्याकडे आणा, असे मी म्हणत नाही. खरकट्याचे खत होते, ते उत्तमच. पण मोरी तुंबली तर जाळी आपण उचलावी, हात आपण घालावा. पाणी घळघळ वाहून गेले की हात धुऊन खुशाल फराळाला बसावे. चकलीच्या चवीत काही फरक पडत नाही.