नाव घ्यायची म्हणजे

मराठीत ‘नाव घेणे’ यासारखे घोटाळ्याचे दुसरे क्रियापद नसेल. लग्नात नाव घेतात, चावडीवर नाव घेतात, उधारी थकली की दुकानदार चारचौघांत नाव घेतो. यांपैकी कोणत्याही नावाचा पाण्याशी संबंध नसतो. त्यामुळे निवृत्तीनंतर एके दिवशी जेवताना मी ‘नाव घ्यायचं ठरवलंय’ असे जाहीर केले, तेव्हा आमची ही चक्क लाजली. “या वयात? आणि सूनबाईंसमोर?” म्हणाली. मासे धरायची होडी घ्यायची आहे असा खुलासा केल्यावर तिचा चेहरा पहिल्यापेक्षा गंभीर झाला. उखाण्याने निदान माणूस बुडत नाही.

दिंद्रुड हे काही बंदर नव्हे. माजलगाव तालुक्यातले आमचे हे गाव, आणि जिल्हा बीड. म्हणजे वर्तमानपत्रात ‘दुष्काळ’ हा शब्द आला की शेजारी आमचे नाव असायचेच. एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ही गोष्ट आमच्याकडे अजून कुणी विसरलेले नाही. तेव्हा बातमी फुटताच पारावरच्या आबांनी विचारले, “गुरुजी, होडी घ्यायलाव म्हनं? मग पाणी कुटून आनायलाव?”

प्रश्न रास्त होता, पण उत्तरही होते. सिंदफणा नदीवरचे माजलगाव धरण १९८७ साली झाले. सहा किलोमीटरांहून लांब अशी मातीची भिंत, आणि तिच्यामागे चांगल्या पावसाच्या वर्षी पलीकडचा काठ धूसर दिसावा इतके पाणी. त्या पाण्यात कटला आहे, रोहू आहे, मरळ आहे, वाम आहे, आणि कुणी न बोलावता आलेली चिलापी तर आहेच. काठावर गळ टाकून बसले की मासे नेमके काठापासून पन्नास हात आत उड्या मारतात. गळ टाकणाऱ्याला होडीची इच्छा होते ती या पन्नास हातांपायी.

होडीतली होडी म्हणजे कयाक. हे वाहन मुळात उत्तर ध्रुवाकडच्या इनुइट लोकांचे. लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ते ही होडी करत आणि तिच्यातून शिकार करत. मला सर्वांत आवडले ते त्यांचे माप. दुकानात जाऊन ‘बारा फुटी द्या’ असा प्रकार नाही. लांबी मालकाच्या तीन वाव, रुंदी त्याची कंबर अधिक दोन मुठी. म्हणजे नाव अंगावर बेतून घ्यायची, सदऱ्यासारखी. हल्लीच्या कयाकी प्लॅस्टिकच्या साच्यातून निघतात आणि माप द्यायचे ते खिशाचे.

माझ्या खिशाचे माप पंचवीस हजार रुपये. निवृत्तीच्या पैशांवर घराची गळकी गच्ची, धाकट्याचे शिक्षण, हिचे गुडघे असे मानाचे पाहुणे जेवून उठल्यावर पातेल्यात एवढेच उरले होते. पुण्याच्या दुकानातल्या मुलाने आकडा ऐकून न ऐकल्यासारखे केले आणि मला पायाने पेडल मारून चालवायची कयाक दाखवली. तिला गळ उभे करायच्या चार खोबण्या होत्या. मला हात दोन. शिवाय पाण्याखाली मासा कुठे आहे ते पडद्यावर दाखवणारे यंत्र. मी म्हटले, “बाळ, मासा कुठे आहे हे मला काठावरूनही दिसतं. माझा प्रश्न, तो गळाला का लागत नाही, हा आहे.” त्यावर त्याच्याकडे यंत्र नव्हते.

पण मुलगा गुणी. खुर्ची दिली, चहा दिला आणि दोन तासांत मला कयाकशास्त्राची प्रथमा परीक्षा पास करून सोडले. लांब कयाक सरळ आणि वेगात जाते, आखूड लवकर वळते. अरुंद कयाक चपळ, पण मासा ओढताना माणसालाच पाण्यात ओढते. गळवाल्याला अडीच फुटांहून अधिक रुंदी हवी. एक प्रकार आत पाय घालून बसायचा. उलटला की त्यात पाणी भरते. दुसरा वरच्या पाठीवर बसायचा. त्याला आरपार भोके असतात आणि आलेले पाणी तिथून निघून जाते. भोके असलेली होडी जास्त सुरक्षित, हे ऐकून माझ्यातला गणिताचा शिक्षक जरा वेळ गप्प झाला. आणि वजनाचे: कयाकवर १२० किलो लिहिले असले तरी त्यातले सत्तर टक्केच आपले मानायचे, म्हणजे ८४. माझे वजन ७८. उरलेल्या सहा किलोंत गळ, पाणी, डबा आणि मासे. थोडक्यात, मोठा मासा लागला तर डबा आधी संपवून ठेवला पाहिजे.

या सर्वांत स्वस्त म्हणजे हवा भरायची कयाक. घडी करून पिशवीत मावते, एस.टी.त मांडीवर बसते, आणि पंचवीस हजारांत वल्ह्यासकट येऊन वर पैसे उरतात. मी जवळजवळ पाकीट उघडले होते. पण ती करणाऱ्याने वेडी बाभूळ पाहिलेली नसावी. आमच्या धरणाचे पाणी हटले की उघड्या जमिनीवर सगळ्यांत आधी हक्क सांगते ती वेडी बाभूळ. तिचा काटा सायकलच्या टायरलाच काय, चपलेलाही भीक घालत नाही. पुढे पाणी चढते, बाभळी बुडतात आणि काटे पाण्याखाली वाट बघत बसतात. हवेच्या कयाकीत कप्पे वेगवेगळे असतात, एक फुटला तरी दुसरा तारतो, हे खरे. पण दुसऱ्या कप्प्याने तारावे एवढ्यासाठी पहिला फोडून बघायची हौस मला नाही.

घरी येऊन मी हा सगळा हिशेब वहीत मांडला आणि हिला वाचून दाखवला. तिने मेथी निवडता निवडता शांतपणे ऐकला आणि म्हणाली, “जाताना कसं जाणार ते सगळं लिहिलंय. परत कसं येणार, ते पान कुठंय?”

असे पान वहीत नव्हते, आणि दुकानातल्या माहितीपत्रकांतही नव्हते. त्यांतल्या सगळ्या कयाकी चित्रात पलीकडे तोंड करून निघालेल्या असतात. त्या रात्री मी हिला समोर बसवून नवे पान केले. उन्हाळ्यात पाणी काठापासून लांब सरकते. जाताना उतारावरून घसरवत नेलेली कयाक येताना चिखलातून वर कोण ओढणार? तीस किलो म्हणजे फार नाही, युरियाची गोणी ४५ किलोची असते. पण युरियाची गोणी दहा फूट लांब नसते. दुपारी वारा सुटतो. मोठ्या उघड्या पाण्यावर तो लाटा उठवतो आणि दमलेल्या हाताला समोरून आडवतो. म्हणून निघताना वाऱ्याविरुद्ध जायचे, म्हणजे परतताना तो पाठीशी असतो. पावसाळ्यात धरणाचे दरवाजे उघडतात; तेव्हा भिंतीकडे फिरकायचे नाही आणि खालच्या नदीत तर नाहीच. सप्टेंबर २०२५ च्या पुरात आमच्या जिल्ह्यात माणसे काढायला हेलिकॉप्टर बोलवावे लागले. माझ्यासाठी ते पुन्हा बोलवावे एवढा मी मोठा नाही. आणि शेवटचा प्रश्न: उलटल्यावर पाण्यातून पुन्हा वर चढता येते का? येत असेल तर नाव आपली, नाही तर आपण नावेचे.

एवढे झाल्यावर आकडे आपोआप जागेवर बसले. पहिली खरेदी नावेची नाही, जाकिटाची. त्यातही पाहायचे: ५० न्यूटनवाले पोहता येणाऱ्याला काठाजवळ आधार देते, १०० आणि वरची जाकिटे माणसाचे तोंड पाण्याबाहेर ठेवायला केलेली असतात. मला पोहता येते ते विहिरीत, म्हणजे चार हातांवर भिंत असली तर. मी १०० वाले घेतले. गळपट्टा असलेले ते केशरी जाकीट घालून मी अंगणात उभा राहिलो तेव्हा गल्लीतली शेळी दावे तोडून पळाली.

दुसरे काम होते परवान्याचे. धरणातला मासा फुकटचा नसतो. त्यावर मच्छीमार सहकारी संस्थांचा ठेका असतो आणि त्यावर भोयांची घरे चालतात. म्हणून मी धरणावरच्या एका मामांना गाठले. साठीचा माणूस, थर्माकोलच्या तराफ्यावर मांडी घालून असा बसला होता, जसा आपण ओट्यावर बसतो. माझी सगळी पुण्याची विद्या त्यांनी ऐकून घेतली. मग म्हणाले, “गुरुजी, गळ टाका, कुनी नको म्हननार नाय. संस्थेत इचारा, पावती फाडा. जाळं तेवढं टाकू नका. तुमचा येळ जातो ते आमचं प्वाट हाय.”

मी त्यांना विचारले, “मामा, जाकीट?”

ते हसले. “आमी पान्यातच जन्मलो.”

हे वाक्य मला रात्री झोपू देईना. थर्माकोल हा टीव्हीच्या खोक्यात भरायचा पदार्थ. त्यावर माणूस पोट बांधतो. जायकवाडीच्या फुगवट्याकडे भिवधानोऱ्याची मुले अशाच तराफ्यावरून शाळेला जात होती. २०२३ साली त्याची बातमी आली आणि उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. मी मात्र खोबण्या चार हव्यात की दोन यावर वही भरवत होतो. परवडत नाही म्हणून मी कयाक साधी घेणार होतो. परवडत नाही म्हणून मामा जाकिटाशिवाय जात होते. दोन्ही ठिकाणी शब्द एकच, पण माझ्या शब्दाला काठ होता.

शेवटी घेतली ती दहा फुटी, पाठीवर बसायची, कोकणातल्या एका बंद पडलेल्या पर्यटनवाल्याकडची जुनी. पेडल नाही, यंत्र नाही, रंग मूळचा पिवळा असावा. तळ उलटा करून बघितला, भेगेवर बोट फिरवले, दोघांनी उलटसुलट उचलली, उथळ पाण्यात मुद्दाम उलटवून तीन वेळा वर चढलो आणि मगच पैसे दिले. आकडा पंचवीस हजारांच्या बराच आत राहिला. उरलेल्या पैशांत आणखी एक जाकीट आले.

ते मामांना द्यायला गेलो तेव्हा ते घेईनात. मी म्हटले, “माझ्यासाठी घ्या. मी बुडायला लागलो तर काढणार तुम्हीच. तुम्ही तरता हे मला माहीत असलेलं बरं.” हा व्यवहार त्यांना पटला. पहिले दोन दिवस त्यांनी ते तराफ्यावर बसायला घेतले. तिसऱ्या दिवशी वारा जोराचा होता. लांबून एक केशरी ठिपका दिसला.

बीड शहराला रेल्वे मिळायला १७ सप्टेंबर २०२५ उजाडावा लागला; अशा जिल्ह्यात माशाची वाट पाहणे कुणाला जड जात नाही. गेल्या दोन महिन्यांत मी सात वेळा गेलो आणि सात वेळा परत आलो. मासे मिळाले तीन, तेही चिलापीच. बाकी वेळा येताना मामांकडून किलोभर कटला विकत घेतो. हिला ते ठाऊक आहे. कारण मी धरलेला मासा कधी साफ करून, तुकडे पाडून पिशवीत बसलेला नसतो. पण ती काही बोलत नाही. मासा ताटात वाढते आणि जाकीट वाळत घालते.