दाराची कळ

आमच्या धर्मग्रामातील एक तरुण धातूचे ओतीव भाग बनविणाऱ्या कारखान्यात नोकरीला आहे. भागाच्या पोटात पोकळी किंवा चीर राहिली आहे काय, हे तो क्ष-किरणांनी तपासीत असे. ते यंत्र म्हणजे शिशाने मढविलेले कपाटच. दार उघडताच किरण आपोआप बंद व्हावेत म्हणून दाराला एक कळ असते.

एका संध्याकाळी तो आमच्याकडे आला. काम झपाट्याने उरकावे म्हणून ती कळ चिकटपट्टीने दाबून ठेवलेली होती. दार उघडे असतानाही किरण चालू राहू शकत होते. "फादर, साहेबांना सांगू का? नोकरी गेली तर?" त्याने विचारले. घरावर बहिणीच्या लग्नाचे कर्ज होते. आम्ही म्हणालो, "बाळा, थोडे दिवस दम धर."

तो गेला आणि आम्हांला झोप येईना. दुसऱ्या दिवशी मिळेल ते वाचून काढले. राँटगेन यांनी १८९५ साली या किरणांचा शोध लावला. त्यानंतर थोड्याच काळात एडिसन यांचे सहायक क्लॅरेन्स डॅली या किरणांसमोर वारंवार स्वतःचे हात धरून प्रयोग करू लागले. पुढे त्यांचे दोन्ही हात कापावे लागले. तरीही १९०४ साली त्यांना मृत्यूने गाठलेच. या किरणांना ना वास, ना रंग. जखम कित्येक दिवसांनी, कधी आठवड्यांनी उघड होते. छातीवरचा बिल्ला किती मात्रा लागली एवढेच मागाहून सांगतो. तो ढाल नव्हे. आपल्या देशात अशा कामगारासाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्ट, ही मर्यादा आहे. अंतर दुप्पट केले की मात्रा चौथाईवर येते. पण कपाटात हात घालणाऱ्याने अंतर आणावे कोठून?

उपाय मात्र अवघड नव्हता. यंत्राची वीज तोडली की क्ष-किरण थांबतात. तपासलेली वस्तूही किरणोत्सारी होत नाही. केवळ ती कळ मोकळी करावयाची होती. आणि आम्ही त्याला दम धरावयास सांगितले होते!

रविवारी मिस्सानंतर आम्ही त्याच्या घरी गेलो. त्याच्या आईसमक्ष म्हणालो, "आमचा सल्ला चुकला. तू लेखी तक्रार दे. अर्ज लिहावयास आम्ही बसतो." माउली काही बोलली नाही. तिने कागद आणून दिला.

त्याची रवानगी वेष्टन विभागात झाली. जादा पाळीचे पैसे बुडाले, कर्जाचे हप्ते लांबले. कळ मात्र महिनाभरात दुरुस्त झाली. आता त्या यंत्रावर दुसऱ्या कुणाचा तरी मुलगा बसतो. दार उघडले की किरण थांबतात. त्यासाठी कुणी काय मोजले, हे त्याला ठाऊक नाही.

आम्हांला ठाऊक आहे. म्हणून कुणी सल्ला मागावयास आले की हल्ली आम्ही आधी पुष्कळ प्रश्न विचारतो.