मामाच्या गावची डिजिटल गाडी

मामाच्या गावाला झुकझुक गाडीने जायचं असतं, हे आपल्याला बालवाडीतच शिकवलेलं. माझ्या बाबतीत ती शुद्ध थाप! मामांचं गाव सिल्लोड, आणि तिथे जायचं एसटीनेच. जालना-जळगाव या १७४ किलोमीटरच्या नव्या मार्गाला ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी मिळाली, तेव्हापासून मामा जाम खूश आहेत. पण त्यांची स्वतःची रेल्वे गच्चीवरच्या खोलीत केव्हाची धावतेय.

मामांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरचा पंप जळाला की शेतकरी तो घेऊन थेट त्यांच्याकडे. १९९८ मध्ये कोथरूडला सुरू झालेलं भाऊसाहेब जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम एकदा बघून आले आणि वेडच लागलं. त्यांच्याकडे दोन इंजिनं आहेत, एचओ स्केलची. म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीपट लहान, दोन रुळांत अंतर साडेसोळा मिलिमीटर. त्यातलं हिरवं जुनं इंजिन एका मित्राने जर्मनीहून आणून दिलेलं. तो मित्र २०१९ मध्ये गेला.

मामांना हवं होतं क्रॉसिंग. एक गाडी बाजूच्या लाइनला थांबलीय, दुसरी शिट्टी मारत निघून जातेय. जुन्या पद्धतीत रुळांतच बारा व्होल्टपर्यंत डीसी सोडतात. नॉब फिरवला की वेग, प्लस-मायनस उलटं केलं की रिव्हर्स. त्यामुळे दोन्ही इंजिनं एकदमच पळणार! माझा मामेभाऊ पुण्यात आयटीत. तो म्हणाला, डिजिटल करू. यात रुळांत कायम पूर्ण व्होल्टेज असतं, फक्त त्याची दिशा सेकंदाला हजारो वेळा उलटते आणि त्या उलटण्याच्या वेळेतच निरोप दडलेला असतो. ५८ मायक्रोसेकंदाचा ठोका म्हणजे एक, शंभर किंवा जास्तीचा म्हणजे शून्य. इंजिनात बसवलेला नखाएवढा डिकोडर निरोप सगळे ऐकतो, पण स्वतःचा नंबर आला तरच हलतो. ऑफिसच्या ग्रुपवर आपण वागतो तसंच.

नव्या इंजिनात आठ पिनांचं सॉकेट होतं. डिकोडर खोचला, झालं. हिरव्याचं मात्र पोट फाडावं लागणार होतं. मामांनी साफ सांगितलं, ‘त्याला कात्री लावायची नाही.’ विषय बंद!

इकडे नवं इंजिन लांबच्या वळणावर अडखळायला लागलं. भाऊ म्हणाला, डिकोडर गेला, दुसरा मागवू. मामांनी मल्टीमीटर काढला. ‘अरे, करंटच पोचंना गेला, डिकोडर काय करील?’ रुळांचे सांधे सैल झाले होते. मामांनी टेबलाखालून जाड तांब्याच्या दोन वायरी फिरवल्या आणि रुळाच्या प्रत्येक तुकड्याला त्यातून फाटे दिले. मग जागोजागी रुळांवर आडवा रुपया ठेवून बघितला. रुपया ठेवताक्षणी सिस्टिम ट्रिप झाली पाहिजे. झाली नाही, तर तिथली वायरिंग कच्ची.

ही टेस्ट पास झाली त्या रात्री मामा स्वतःच हिरवं इंजिन घेऊन बसले. कुणी काही बोललं नाही. मीटरचं एक टोक मोटरला, दुसरं सांगाड्याला. बीप! ‘बॉडी पकडलीय,’ मामा हसले. पंपात हा दोष. या जुन्या इंजिनात ती रचनाच, सांगाडा हीच एक वायर. डिकोडरला ते चालत नाही. मोटरला करंट फक्त त्याच्याकडूनच मिळाला पाहिजे, नाहीतर तो क्षणात जळतो. मामांनी वायंडिंगला वापरतात तो इन्सुलेशन पेपर कापून कार्बन ब्रशखाली सरकवला. लाल-काळी रुळांकडे, केशरी-करडी मोटरला. पुन्हा मीटर लावला. बीप नाही. इतकी वर्षं वाइंडिंग केलेल्या हाताला थोडा कंप होता, पण डाग एकाच फटक्यात बसला.

डिकोडरला चार आकडी नंबर देता येतो. मामांनी मित्राच्या स्कूटरचा दिला.

हिरवं आता बाजूच्या लाइनला थांबतं आणि दुसऱ्याला वाट देतं. फक्त त्याचा दिवा लागत नाहीये. निळ्या वायरचा डाग सुटला असणार, असं मामांचं म्हणणं. रविवारी खोलणार आहेत.